नेमाने चालणारे अण्णासाहेब कर्वे

संसारात प्रत्येकाला काही ना काही साधायचे असते. कुणाला मुलगी शिकवायची असते, कुणाला वडिलांचे ऋण फेडायचे असते, कुणाला गावात विहीर बांधायची असते. संकल्प सोडायला पळीभर पाणी पुरते, सिद्धीला मात्र जन्म लागतो. आरंभीची उमेद चार दिवसांत ओसरते आणि मग माणूस म्हणतो, बुवा, मनच उठत नाही हो! ज्यांचे मन उठत नाही त्यांच्यासाठी आज एक चरित्र सांगावयाचे आहे. ते कोण्या संताचे नव्हे, एका गणिताच्या मास्तरांचे आहे. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नाव. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत, पुढे महर्षी म्हणू लागले.

त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी कोकणात शेरवली येथे आजोळी झाला. घर दापोलीजवळच्या मुरुडचे. घरात गरिबी, आणि मुलगा अंगाने किरकोळ व स्वभावाने भिडस्त. चारचौघांत बोलायचे म्हटले की जीभ टाळूला चिकटे. गावातले सोमण गुरुजी सार्वजनिक कामाच्या ओढीचे होते. त्यांच्या सहवासात या मुलाला एवढे कळले की आपल्या पोटापलीकडेही काही असते. बीज पडले ते तेथे.

सन 1875 मध्ये सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला जावयाचे होते. भर पावसाळा, मध्ये सह्याद्रि उभा, वाट शंभर मैलांहून अधिक. सोबत्यांबरोबर पायी निघाले. घाट चढले, भिजले, पाय सुजले, पण पोहोचले. आणि परीक्षकांपुढे उभे राहिले तर काय? सतरा वर्षे पुरी पाहिजेत, आणि हा तर एवढासा दिसतो! वय खरे होते, पण अंगलोटीने दगा दिला. परीक्षेला बसू दिले नाही. आले तसे परत चालत जावे लागले.

वाचकहो, येथे पुष्कळांची यात्रा संपते. देवाच्याच मनात नाही, असे म्हणून माणूस घरी बसतो, आणि आपल्या आळसाचा भार देवावर टाकतो. या मुलाने तसे केले नाही. पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली व उत्तीर्ण झाला. पुढे मुंबईस शिकवण्या करून शिक्षण चालविले. मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस होते, आणि गणित घेऊन बी. ए. झाले 1884 साली. शिकवण्यांच्या त्या तुटपुंज्या मिळकतीतूनही काही हिस्सा परोपकारासाठी बाजूला ठेवण्याचा त्यांचा नेम होता. हातात पुष्कळ येईल तेव्हा देऊ, असे म्हणणारा कधीच देत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

सन 1891 मध्ये पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्याचे काम मिळाले. दुसरे लग्न करा, असा आग्रह सुरू झाला. त्या काळी विधुराला कुमारिका सहज मिळे, पण आठ-दहा वर्षांची विधवा पोर मात्र जन्मभर कोपऱ्यात बसे. 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण कायदा कागदावर आणि पोर कोपऱ्यात! अण्णासाहेबांनी 11 मार्च 1893 रोजी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, विवाह केला. त्या बाल्यातच विधवा झालेल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. पुढे त्या आनंदीबाई किंवा बाया म्हणून ओळखल्या गेल्या.

मुरुडने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी काही करावे असे मनात होते, त्याच गावात घरच्यांनाही त्यांना उघडपणे जवळ करता येईना. आईला किती यातना झाल्या असतील! पण अण्णासाहेब गावाशी भांडले नाहीत आणि मागेही फिरले नाहीत. राग धरला असता तर सारे बळ रागातच खर्च झाले असते.

सन 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे काम आरंभिले. पुढे पुण्याबाहेर हिंगणे येथे माळावर झोपडी उभी राहिली. कॉलेजातले शिकविणे आटोपले की सायंकाळी तीन-चार मैलांची खडकाळ, चिखलाची वाट तुडवीत, लागणारे सामान घेऊन हिंगण्यास जावे, मुलींना शिकवावे, सकाळी परत पुण्यास यावे. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, असा क्रम पुष्कळ काळ चालला. त्या वाटेवर रोज स्फूर्ती भेटत असेल काय हो? दमलेल्या पायांना रोज कसली स्फूर्ती! पण तिकडे दिवा लावून मुली वाट पाहत असत. आपली कुणी वाट पाहत आहे, हे ज्याला कळले त्याचे पाय उठतात.

आणखी एक विवेक पाहा. विधवाविवाह आणि आश्रम ही दोन्ही कामे एकत्र राहिली, तर लोक मुली पाठवायला भितील, हे ध्यानी येताच त्यांनी विवाहाच्या चळवळीतून अंग काढून शिक्षणावर सारे लक्ष ठेविले. साधायचे असेल त्याने प्रिय गोष्टही बाजूला ठेवायला शिकावे लागते.

1907 साली महिला विद्यालय, 1916 साली महिला विद्यापीठ. आरंभी विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. बायांच्या बहीण पार्वतीबाई आठवले यांनी निधीसाठी परदेशही गाठला. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांचे दान दिले, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास लागले.

हिंगण्याच्या आश्रमात आरंभी बहुधा ब्राह्मण विधवांनाच प्रवेश असे. ही उणीव नव्हे काय? होय, उणीवच. पण म्हातारपणीही या पुरुषाची वाट पुढेच जात होती. 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. 1944 मध्ये जातिभेद मोडण्यासाठी समता संघ स्थापिला. 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले, आणि 9 नोव्हेंबर 1962 रोजी देह ठेविला.

वारकरी बंधुभगिनींनो, घरातून निघताना कळस दिसत नसतो. दिसतो तो पुढचा मुक्काम, आणि तेवढ्यावर पाऊल पडते. अण्णासाहेबांना साताऱ्याच्या वाटेवर विद्यापीठ कोठून दिसणार? मन उठण्याची वाट पाहत बसू नका. आपली वाट कोण पाहत आहे ते आधी शोधा, आपल्याला झेपेल एवढा लहान नेम धरा, आणि तो आजच्या दिवस पाळा. उद्याचे उद्या पाहू.