कवळाण्याचा मुलगा आणि शाळेचा दंड

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिले नाव येते ते राजर्षी शाहू महाराजांचे, आणि ते योग्यच आहे. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. परंतु त्याच्या बरोबर दोन तपे आधी, १८९३ मध्ये, बडोदे संस्थानातील अमरेली भागात हा प्रयोग सुरू झाला होता. तो करणारा राजा जन्माने बडोद्याचा नव्हता. तो आपल्या खानदेशच्या वेशीवरच्या एका खेड्यातला होता.

पारोळ्याहून धुळ्याला जावे, तिथून आग्रा रोडने मालेगाव गाठावे, की कवळाणे फार दूर राहत नाही. आज ते नाशिक जिल्ह्यात मोडते. पण काळी माती, बाजरीची भाकरी आणि कानावर पडणारी अहिराणी यांना जिल्ह्याच्या सीमा कळत नाहीत. या गावी ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड यांच्या घरी गोपाळ नावाचा मुलगा जन्माला आला. घराणे गायकवाडांचे खरे, पण लांबच्या शाखेचे. नाव राजाचे आणि जिणे शेतकऱ्याचे. गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत त्याचे शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. त्या काळी खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा शाळेत नाही, याचे कोणालाच काही वाटत नसे. बापाला नाही, पाटलाला नाही आणि सरकारला तर नाहीच.

१८७५ साली इतिहासाने अचानक या घराचे दार ठोठावले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग झाल्याच्या प्रकरणातून बडोद्याचे मल्हारराव महाराज गादीवरून दूर झाले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. गायकवाडांच्या शाखांमध्ये मुलांचा शोध सुरू झाला आणि काशीराव आपली मुले घेऊन बडोद्याला गेले. तिथे कशासाठी आलात असे विचारल्यावर, मी राज्य करायला आलो आहे असे उत्तर गोपाळने दिल्याची कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी तो दत्तक गेला आणि त्याचे नाव सयाजीराव झाले. पुढच्याच महिन्यात तो गादीवर बसला.

राज्य मिळाले, पण राजाला लिहिता-वाचता येत नव्हते.

माझ्या मते सयाजीरावांचे चरित्र खऱ्या अर्थाने सुरू होते ते इथून. एफ. ए. एच. एलियट या इंग्रज अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभार पाहत होते आणि त्याचे धडेही देत होते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम. भल्या पहाटे उठणे, तालीम, घोड्यावर रपेट, मग वर्ग, पुन्हा वर्ग. ज्या वयात गावातले सवंगडी औत धरायला लागले होते, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरे गिरवत होता. सहा वर्षे हे वेळापत्रक चालले. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

वेळापत्रकाचे हे वळण त्यांनी जन्मभर सोडले नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई १८८९ मध्ये त्यांच्याकडे वाचक म्हणून लागले आणि पुढे राजपुत्रांचे शिक्षकही झाले. राजाला वाचून दाखवण्यासाठी पगारी माणूस ठेवणे ही गोष्ट नवी नव्हती. पण या राजाला रोज नवे ऐकायचे असे आणि ऐकलेले लक्षात ठेवायचे असे. उशिरा पाटी हाती आलेल्या माणसाला अक्षराची किंमत जी कळते, ती बालपणीच शाळेत गेलेल्यांना सहसा कळत नाही.

अधिकार हाती येताच त्यांनी संस्थानाचे दौरे काढले. बडोद्याचा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत इंग्रजी मुलखात आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. या दौऱ्यांत त्यांनी जे पाहिले ते त्यांना परके नव्हते. गावोगाव त्यांना कवळाणेच भेटत असणार. अंत्यजांच्या मुलांसाठी निराळ्या शाळा सुरू झाल्या, कारण इतर शाळांची दारे त्यांना बंद होती. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमून त्या चालवाव्या लागल्या. आपल्या नवापूरच्या पलीकडे, तापी खोऱ्यातल्या सोनगड येथे, आदिवासी मुलांसाठी वसतिगृहाची शाळा निघाली. तिथे अक्षरांच्या जोडीला शेती आणि सुतारकामही शिकवीत. आजच्या आश्रमशाळेचे हे बरेच जुने रूप म्हणता येईल.

मात्र शाळा काढली म्हणजे मुले येतात असे नाही. हे सयाजीरावांना कळायला पुस्तकाची गरज नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. सरकारने ती कानाआड केली. ती अमलात आणण्याचे धाडस झाले ते एका देशी संस्थानात. त्यासाठी महाराजांनी बडोदे शहर न निवडता काठेवाडातले, राजधानीपासून दूरचे अमरेली निवडले. कापसाचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत घरातला प्रत्येक हात रानात लागतो, असा. खानदेशी वाचकाला अधिक सांगायला नको.

नियम साधा होता. मुलगे सात ते बारा वर्षांचे आणि मुली सात ते दहा वर्षांच्या. त्यांना शाळेत पाठवणे हे पालकाचे कर्तव्य. शाळेत फी नाही. मूल आजारी असेल किंवा शाळा फार लांब असेल, तर सूट. सबळ कारणाशिवाय मूल गैरहजर राहिले तर दंड, आणि तो मुलाला नाही, बापाला. १९०६ मध्ये हा कायदा साऱ्या संस्थानाला लागू झाला.

या एका कलमाने किती गोष्टी उलट्यापालट्या केल्या ते पाहण्यासारखे आहे. तोवर शाळेत न जाणे हा मुलाचा गुन्हा होता आणि त्याची शिक्षा मास्तर छडीने देत असत. आता तो बापाचा कसूर ठरला आणि हजेरीपट हा सरकारी कागद झाला. मास्तरने रोज सकाळी उच्चारलेल्या नावापुढे शून्य पडले, की त्याची दखल चावडीपर्यंत जाऊ लागली. पण त्याच कलमाने राजालाही बांधून घेतले होते. शाळाच नसेल तर बापाला दंड कसा करणार? म्हणजे आधी शाळा, मग मास्तर, मग फीची माफी आणि सर्वांत शेवटी दंड. सक्तीचा पहिला हप्ता राजाने भरायचा होता.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. (बडोद्याची बँकही सयाजीरावांनीच १९०८ साली काढली, माझी बँक मात्र ती नव्हे.) ग्रामीण शाखेत बसून मी अंगठ्यांचे ठसे हजारांनी पाहिले आहेत. निळ्या शाईने माखलेला अंगठा फडक्याला पुसत, या कागदात काय लिहिले आहे हो साहेब, असे विचारणारी माणसे पाहिली आहेत. कर्जाच्या अटी त्यांना माझ्या तोंडून कळत, म्हणजे माझ्या इमानावर त्यांची शेती उभी असे. म्हणून सक्ती हा शब्द कानाला कठोर लागला तरी मला त्याची बाजू समजते. पण नोकरीने दुसरीही एक गोष्ट शिकवली. नोटीस काढून हप्ता वसूल होतो, खातेदार सुधारतो असे नाही.

बडोद्यातही हेच दिसले. गरीब कुटुंबाला दुहेरी मार बसे. मूल शाळेत गेले तर मजुरी बुडे, नाही गेले तर दंड पडे. मुलीचे वय दहावरच थांबवावे लागले, कारण पुढे लग्नाची घाई. बालविवाहाला आळा घालणारा कायदा संस्थानाने १९०४ मध्ये केला, तेव्हा शाळा आणि लग्न हे दोन निराळे प्रश्न नाहीत, हे राजाच्या ध्यानात आले असले पाहिजे. आणि चार इयत्ता शिकून घरी बसलेली मुले काही वर्षांत अक्षर विसरत.

या शेवटच्या दुखण्यावर सयाजीरावांनी जो उपाय केला, त्यात मला त्यांची खरी थोरवी दिसते. दुसरा राजा दंड वाढवता. यांनी पुस्तके वाढवली. अमेरिकेच्या प्रवासात पाहिलेली सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या मनात होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. मूल घरी आणते ते पुस्तक बापाच्याही कानावर पडते. शाळेचा उंबरा न चढलेल्या बापाला शाळेशी जोडण्याची ही वाट दंडापेक्षा लांबची होती, पण ती घरात पोचत होती.

बडोद्याची वार्ता ब्रिटिश हिंदुस्थानात पोचली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. एका संस्थानिकाला जे परवडले ते साम्राज्याला परवडले नाही! दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे त्याच बडोद्यात नोकरीसाठी आलेल्या त्या विद्वानाला शहरात राहायला घर मिळाले नाही, हेही विसरून चालत नाही. राजा कायदा करू शकतो. शेजाऱ्याचे मन हुकमाने बदलू शकत नाही.

स्वतः बाप म्हणून सयाजीरावांच्या वाट्याला काय आले? परक्या मुलांच्या बापांना कर्तव्य शिकवणाऱ्या या माणसाने आपल्या मुलांना विलायतेत आणि अमेरिकेत उत्तमोत्तम शिक्षण दिले. राज्य, प्रवास आणि प्रकृती यांच्या ओढाताणीत बाप आणि मुले बराच काळ एकमेकांपासून दूर राहिली. फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले, शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये. तीन तरुण मुलांचे मृत्यू पाहून ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांनी देह ठेवला आणि गादीवर नातू प्रतापसिंहराव बसले. यातून घाईने बोध काढू नये. एवढेच म्हणावे की शिक्षणाची सोय करणे आणि मुलाजवळ असणे या दोन गोष्टी आहेत आणि पहिली दुसरीची जागा घेत नाही. राजवाड्यात नाही आणि झोपडीतही नाही.

अमरेलीला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या देशाचा बालशिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सक्ती आहे, पण ती सरकारवर आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, त्यासाठी दंड ठेवलेला नाही. उलट पालकाला खुर्ची दिली आहे. विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात. सयाजीरावांच्या काळी चावडीत दंडासाठी उभा राहणारा बाप आज कागदोपत्री शाळेचा कारभारी आहे. हा प्रवास लहान नाही.

पण ती खुर्ची पुष्कळदा रिकामी असते. तालुक्यातल्या एका शाळेचे इतिवृत्त मी चाळले, तेव्हा बँकेतल्या सवयीने माझी नजर सह्यांवर गेली. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच बैठकीत केल्यासारख्या. वही घरोघर फिरवून आणली होती. त्यात कोणाची लबाडी होती असे मला वाटत नाही. बैठक दुपारी, कामाच्या दिवशी. कापूस वेचायला गेलेली बाई रोज बुडवून शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चर्चा करायला कशी येईल? तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला निघाली की आई-बापही जातात आणि मूलही जाते. त्यांच्यासाठी समितीची खुर्ची आणि बडोद्याचा दंड यांत फारसा फरक उरत नाही. दोन्ही त्यांच्या दिवसाचा हिशेब न करता ठेवलेले असतात.

कायदा पालकाकडे बोट दाखवतो, तेव्हा उरलेली बोटे राज्यकर्त्याकडे वळलेली असतात, हे कवळाण्याच्या त्या मुलाला कळले होते. म्हणून त्याने आधी शाळा बांधली, फी काढून टाकली आणि दंड पुरत नाही असे दिसताच पुस्तकांची पेटी गावात धाडली. आज निदान बैठकीची वेळ संध्याकाळची करता आली, ती तांड्यावर किंवा वस्तीवर घेता आली आणि वेचणीच्या दिवसांत मुलाचे नाव हजेरीतून गळले की मास्तरांनी कागदाऐवजी घर गाठले, तरी पुष्कळ होईल. याला नवा कायदा लागत नाही. बापाच्या दिवसाचे वेळापत्रक आपल्या वेळापत्रकाइतकेच खरे आहे, एवढे मानावे लागते.