षट्कोनी बंदूकवाले व्हिटवर्थसाहेब

व्हिटवर्थ हे नाव मेकॅनिकलच्या पोरांना नवीन नाही. थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात 'व्हिटवर्थ क्विक रिटर्न मेकॅनिझम' हमखास येतं. आपण आकृती पाठ करतो, शेपर मशीनचा रॅम पुढे सावकाश आणि मागे झटक्यात का येतो ते लिहितो, आणि पेपर टाकून हॉस्टेलवर आलो की विसरतो. मीही विसरलो होतो. हा माणूस मला पुन्हा भेटला तो एका नटामुळे.

वर्कशॉपमध्ये जॉब बांधताना मी एका जुन्या बोल्टवर नवा मेट्रिक नट चढवत होतो. आटा धरेना, म्हणून पान्याने जोर लावला. नट गेलाच, बोल्टचे पहिले दोन आटेही गेले! वर्कशॉपचे मामा आले. त्यांनी बोल्टवरून नुसता अंगठा फिरवला आणि सांगितलं, की हा चार सुताचा बोल्ट आहे, व्हिटवर्थचा, याला मिलिमीटरवाला नट या जन्मी बसायचा नाही. (आठ सूत म्हणजे एक इंच, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कोणी हे शिकवलं नव्हतं.) शेपरवाला आणि बोल्टवाला व्हिटवर्थ एकच का, म्हणून मी शोधायला बसलो आणि एका बंदुकीपाशी येऊन थांबलो. अशी बंदूक, की जिच्या नळीचं भोक गोल नाहीच. षट्कोनी आहे!

पण आधी माणूस.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षी पोराला डर्बीशायरमधल्या मामाच्या सूतगिरणीत चिकटवून दिलं. पुढेमागे गिरणी याच्याच हातात यायची होती, म्हणजे आयुष्याची सोय झालेली. पण जोसेफचं लक्ष कापसात नव्हतं, कापूस कातणाऱ्या यंत्रात होतं, आणि ती यंत्रं किती ढिसाळ बनवलेली आहेत याचा त्याला राग यायचा. काही वर्षांनी तो गिरणी सोडून सरळ मँचेस्टरला पळाला आणि एका कारखान्यात साधा मेकॅनिक म्हणून लागला. १८२५ साली लग्न करून लंडनला गेला, तिथे हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम मिळालं. त्या काळच्या मेकॅनिकला मॉडस्लेकडे काम मिळणं म्हणजे आपल्याकडे कॅम्पसमधून सगळ्यात मोठी कंपनी मिळण्यासारखंच.

तिथे त्यांनी खरी सपाट पाटी कशी करायची हा प्रश्न सोडवला. (आता अहोजाहो करतो, कारण माणूस मोठा झाला.) मेट्रॉलॉजी लॅबमध्ये आपण जी जड सरफेस प्लेट उचलायला कंटाळतो, तीच. दोन पाट्या एकमेकींवर रंग लावून घासल्या आणि जिथे टेकतात तिथे खरवडत गेलं, तर त्या एकमेकींना बसतात, पण सपाट असतीलच असं नाही. एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी बसतातच की! म्हणून तीन पाट्या घ्यायच्या आणि तिन्ही आलटूनपालटून जुळवायच्या. तिन्ही एकमेकींना बसल्या तर त्या सपाटच असणार, दुसरा मार्गच उरत नाही. वाचताना मी वहीवर तीन रेघा काढून बघितलं, खरंच उरत नाही.

१८३३ मध्ये मँचेस्टरला परत येऊन त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. १८४१ साली इंजिनिअरांच्या संस्थेपुढे स्क्रूच्या आट्यांवर निबंध वाचला. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एका ठिकाणचा बोल्ट हरवला की दुसऱ्या ठिकाणचा चालायचा नाही. व्हिटवर्थनी काय केलं, तर देशभरातल्या मोठ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि चक्क सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश आला. अर्धा इंची बोल्टला इंचात १२ आटे, एक इंचीला ८, असं ठरवून टाकलं. हळूहळू सगळ्यांनी ते मान्य केलं, आधी रेल्वेवाल्यांनी, मग बाकीच्यांनी. पुढे रेल्वे आणि यंत्रांबरोबर तेच आटे आपल्याकडे आले. आपल्या हॉस्टेलच्या नळाचे आटे आजही ५५ अंशांचेच आहेत. मेट्रिक ६० चं असलं तरी पाइपात अजून त्यांचंच राज्य आहे.

मला यातली गंमत अशी वाटते, की ज्या माणसाला इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं यंत्र बनवायचं होतं (आणि त्याने ते बनवलंही, बोट लावल्यावर पोलादी सळई उबेने वाढते तेवढंही त्यावर कळायचं), तो आट्यांच्या बाबतीत हटून बसला नाही. माझाच कोन बरोबर, असं म्हणाला नाही. लोक जे वापरतात त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. बंदुकीच्या वेळी मात्र हाच माणूस वेगळा वागला.

१८५४ साली क्रिमियाचं युद्ध सुरू होतं. ब्रिटिश फौजेची एनफिल्ड रायफल बरीचशी हाताने बनायची, एकीचा भाग दुसरीला बसेल याची खात्री नसायची. सरकारने व्हिटवर्थना बोलावून रायफली बनवायची यंत्रं मागितली. त्यांनी उलटंच सांगितलं. चांगली नळी कशी असावी हेच अजून कोणाला माहीत नाही, तर यंत्रं कशाची बनवू? आधी मला प्रयोग करू द्या. सरसेनापती लॉर्ड हार्डिंग (हे आधी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होते) यांनी त्यांची बाजू घेतली. मँचेस्टरजवळ व्हिटवर्थच्या घराच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली. वारा लागू नये म्हणून बंदिस्त, आणि बांधून होते न होते तोच वादळाने पाडली! पुन्हा बांधावी लागली. आत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगलेले असायचे. गोळी त्यातून आरपार जायची आणि तिने वाटेत कुठे किती झोल खाल्ला ते भोकांवरून कळायचं. हायस्पीड कॅमेरा नसताना हे सुचणं म्हणजे कमालच म्हणायची.

या प्रयोगांतून ती रायफल निघाली. एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, आत तीन उथळ चर आणि ७८ इंचांत एक फेरा इतका पीळ. नळी ३९ इंची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत फक्त अर्धा फेरा फिरायची. व्हिटवर्थनी व्यास ०.४५१ इंचावर आणला आणि २० इंचांत एक पूर्ण फेरा दिला. गोळीचं वजन तेच, ५३० ग्रेन, पण व्यास कमी म्हणून ती लांब आणि निमुळती झाली, हवा कापत जाणारी. इतकी लांब गोळी सरळ जायची तर जोरात फिरायला हवी, म्हणून पीळ जास्त. आणि चर काढायचेच नाहीत. अख्खी नळी आतून षट्कोनी आणि तो षट्कोन पिळलेला. जुन्या घरांच्या खिडक्यांना पीळ दिलेले चौकोनी गज असतात ना? तसा सहा बाजूंचा गज घ्या आणि मनातल्या मनात नळीतून उपसून काढा, उरतं ते व्हिटवर्थचं भोक. गोळीही तशीच, सहा बाजूंची, पिळाची, नटासारखी त्यात बसणारी. बंदूक ठासणीचीच होती, म्हणजे दारू आणि गोळी तोंडाकडून भरायची. (मी इथे 'मझल लोडिंग' लिहिलं होतं. आजोबांनी वाचून 'ठासणीची बंदूक' हा शब्द दिला.)

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ इथे दोन्ही रायफलींची सरकारी चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या सरासरी २.२४ फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट, म्हणजे सुमारे साडेचार इंच! १८८० यार्डांवर, म्हणजे मैलापेक्षा लांब, एनफिल्डची एकही गोळी लागली नाही. व्हिटवर्थच्या तरीही लागत होत्या. त्याच महिन्यात इकडे बराकपूरला मंगल पांडे यांना फाशी झाली, ती ठिणगी याच एनफिल्डच्या चरबीच्या काडतुसांची. जुलैच्या शेवटच्या रात्री आपल्या शेजारी कोल्हापुरातही २७ वी पलटण उठली. इंग्लंडमध्ये अचूकपणाचे आकडे लिहिले जात होते तेव्हा इथे त्या बंदुकीचं काडतूस दाताने तोडायचं की नाही यावर माणसं मरत होती, हे एकाच पानावर वाचताना विचित्र वाटलं.

एवढे आकडे पाहून कोणालाही वाटेल की फौजेने लगेच व्हिटवर्थ घेतली असणार. नाही घेतली. हार्डिंग चाचणीआधीच, १८५६ मध्ये वारले होते, त्यामुळे पाठीशी कोणी उरलं नव्हतं. रायफलीची किंमत एनफिल्डच्या जवळजवळ चौपट. काळ्या दारूची काजळी त्या घट्ट नळीत अशी बसायची, की काही बारांनंतर पुसल्याशिवाय पुढची गोळी खाली उतरायला तयार नसे. षट्कोनी गोळी तोंडात कोन जुळवूनच घालावी लागे. फौजेतल्या लोकांना कळेना, की एवढी नाजूक बंदूक चिखलात, पावसात, घाबरलेल्या पोराच्या हातात द्यायची कशी? मला विचाराल तर त्यांचं चूक नव्हतं. व्हिटवर्थनी बंद गॅलरीत मोजलं होतं, तिथे ना वारा, ना चिखल, ना घाबरलेला पोरगा. आट्यांच्या वेळी ते कारखान्याकारखान्यांतले बोल्ट मोजत बसले होते, तसे इथे शिपायांच्या अडचणी मोजत बसले नाहीत. १८६० च्या दशकात बऱ्याच रायफली पलटणींत वापरून पाहायला दिल्या गेल्या, पण तोपर्यंत मागून भरायच्या बंदुका येऊ घातल्या होत्या आणि विषय संपला. तोफांच्या बाबतीतही आर्मस्ट्राँगशी त्यांचा असाच लांबलचक वाद झाला, त्यात मी शिरत नाही.

पण ज्यांच्याकडे ही बंदूक होती ते तिच्यावर जीव टाकायचे. २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या मैदानावर नेमबाजांची पहिली मोठी स्पर्धा भरली, तिचा पहिला बार व्हिक्टोरिया राणीने काढला, तो व्हिटवर्थ रायफलीतून. रायफल लोखंडी स्टँडवर बसवून नेम आधीच धरून ठेवला होता, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. त्यानंतर स्पर्धेतल्या हौशी नेमबाजांमध्ये या बंदुकीचं वेड पसरलं. पुसायची कटकट त्यांना कटकट वाटतच नव्हती. एक बार काढायचा, नळी पुसायची, दारू तोलून भरायची, गोळी कोन बघून ठासायची, मग पुढचा बार.

दुसरे चाहते अमेरिकेतले. तिथल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या फौजेने समुद्रातली नाकेबंदी चुकवून थोड्याशा व्हिटवर्थ रायफली आणल्या. त्या नेमबाजीत पहिल्या येणाऱ्यांनाच मिळायच्या. काहींवर बाजूला लांब दुर्बीण बसवलेली असे. बार उडाला की दुर्बीण डोळ्यावर आदळायची आणि या लोकांचे डोळे काळेनिळे होऊन बसायचे, तरी दुर्बीण कोणी काढत नसे! षट्कोनी गोळी हवेतून जाताना वेगळीच शीळ घालायची, असं समोरचे लोक सांगत. ९ मे १८६४ ला स्पॉट्सिल्व्हेनियाला उत्तरेचे जनरल सेजविक लांबून आलेल्या गोळीने गेले. शत्रू इतका दूर असताना वाकता कशाला, असं ते आपल्या शिपायांना रागावत होते. ती गोळी व्हिटवर्थची होती असं मानलं जातं. ही बंदूक माणसं मारायला बनली होती, हे नेमबाजीच्या कौतुकात मी विसरत चाललो होतो.

व्हिटवर्थ हरले असं म्हणावं, तर १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेने जी मार्टिनी-हेन्री घेतली तिचा व्यास होता ०.४५ इंच. नळी बारीक आणि पीळ जास्त, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांनी उचललं. फक्त षट्कोन सोडून दिला. गंमत म्हणजे षट्कोनी नळीतून साधी गोल शिशाची गोळीही छान जायची, कारण बार होताच मऊ शिसं फुगून कोपरे भरून काढायचं. म्हणजे ज्या गोळीच्या आकारासाठी एवढी मेहनत घेतली तिच्यावाचून फारसं अडत नव्हतं.

१८६८ मध्ये त्यांनी एक लाख पौंडांची देणगी देऊन तरुण मेकॅनिकांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या, वर्षाला १०० पौंडांच्या ३०. उमेदवाराला थिअरी आणि हातकाम दोन्ही यायला हवं, ही अट. (आपल्यातले किती पास होतील देव जाणे.) व्हिटवर्थ शिष्यवृत्ती आजही दिली जाते. १८६९ साली ते 'सर' झाले. डर्बीशायरच्या घरात त्यांनी लोखंडी बिलियर्ड टेबल ठेवलं होतं, कारण लाकडाच्या सपाटपणावर त्यांचा विश्वास नव्हता. मूलबाळ नव्हतं. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोमध्ये ते वारले. त्यांच्या पैशातून मँचेस्टरमध्ये आर्ट गॅलरी, हॉस्पिटल, विद्यापीठाचं सभागृह असं बरंच काही उभं राहिलं.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने या रायफलीची नक्कल बनवली, आणि तीही लोकांनी हौसेने घेतली. ठासणीच्या बंदुकांच्या स्पर्धांत षट्कोनी नळीवाले भेटतात. अजूनही नळी पुसत बसतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत राहतात.

मी मामांना बंदुकीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, ड्रॉवरमधून चार सुताची डाय काढली, मी बिघडवलेला बोल्ट व्हाइसला लावला आणि आटे साफ करून माझ्या हातात दिला.