मोटारीला कंठ देणारा पॉल गॅल्विन

कारखान्यातूनच बसून आलेल्या स्टिरिओला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर जोडून घेण्याची हौस ज्यांनी केली आहे, त्यांना एक अनुभव बहुधा आलेला असतो. गाडी उभी असताना आवाज उत्तम असतो. इंजिन सुरू केले, की स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तशी ती चढत जाते. जाणता कारागीर मग डिकीत वाकतो, अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर तार घट्ट आवळतो, बॅटरीची जाड तार आणि सिग्नलची तार एकत्र नेलेली असेल तर त्यांची फारकत करतो. बहुतेक वेळा शिट्टी थांबते. हे दुखणे मोटारीतल्या रेडिओइतकेच जुने आहे. ज्यांनी आपले सर्वस्व पणाला लावून त्यावर पहिल्या काळात इलाज शोधले, त्यांत मोटोरोलाचे संस्थापक पॉल व्हिन्सेंट गॅल्विन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

गॅल्विन यांचा जन्म २९ जून १८९५ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या हार्वर्ड या छोट्या गावी झाला. नाव हार्वर्ड असले तरी त्या गावाचा विख्यात विद्यापीठाशी संबंध नाही. ते रेल्वेचे गाव. तेथे थांबणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांना हा मुलगा मक्याच्या लाह्या विकत असे. पुढे इलिनॉय विद्यापीठातील शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले आणि पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे अधिकारी म्हणून ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले. ते अभियंते नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या अंगी होती ती विक्रेत्याची चिकाटी.

१९२१मध्ये एडवर्ड स्ट्युअर्ट या मित्रासह त्यांनी विस्कॉन्सिनमधील मार्शफील्ड येथे बॅटऱ्यांचा कारखाना काढला. तो १९२३मध्ये बुडाला. करवसुली अधिकाऱ्यांनी ठोकलेल्या टाळ्यामुळे आत राहिलेला स्वतःचा ओव्हरकोटही त्यांना काढून घेता आला नाही, असे सांगतात. शिकागोत पुन्हा याच धंद्यात त्यांनी पाय रोवायचा प्रयत्न केला, तोही १९२८मध्ये फसला. कारखान्याचा लिलाव झाला, तेव्हा त्यातला एकच भाग त्यांना मोलाचा वाटला. घरगुती रेडिओ बॅटरीऐवजी विजेच्या जोडणीवर चालवता येईल असे ‘बॅटरी एलिमिनेटर’ नावाचे उपकरण तेथे तयार होत असे. त्याचे सामान आणि हक्क गॅल्विन यांनी ७५० डॉलरला सोडवून घेतले. २५ सप्टेंबर १९२८ रोजी, धाकटे बंधू जोसेफ यांच्यासह, ५६५ डॉलरची रोकड आणि ५ कामगार एवढ्या भांडवलावर ‘गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन’ उभी राहिली.

दैव अजूनही पाठीमागे लागलेलेच होते. थेट घरच्या विजेवर चालणारे रेडिओ बाजारात आल्याने एलिमिनेटरची गरज संपत चालली. त्यातच १९२९च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. रेडिओ पडेल त्या भावाने विकले जाऊ लागले. तिसऱ्यांदा दिवाळे निघण्याची वेळ दारात उभी असताना गॅल्विन यांच्या कानावर आले, की न्यूयॉर्ककडे काही कारागीर हौशी लोकांच्या मोटारीत रेडिओ बसवून देतात आणि त्याचे पैसेही भरपूर घेतात. सर्वांना परवडेल असा मोटारीचा रेडिओ आपणच का बनवू नये, हा विचार तेथून सुरू झाला.

विचार सोपा होता, काम मात्र अवघड. मोटारीचे इंजिन म्हणजे एक चालताबोलता ठिणग्यांचा कारखाना. स्पार्क प्लगमधली प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकते आणि रेडिओ त्या इमानेइतबारे ऐकवतो. एल्मर वेव्हरिंग हा तरुण तंत्रज्ञ आणि विल्यम लिअर (पुढे आपल्या छोट्या जेट विमानांमुळे प्रसिद्धीस आलेले) यांनी या गोंगाटाचा एकेक उगम शोधून काढला. प्लगच्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या तारांत रोधक बसवायचे, जनरेटरवर कपॅसिटर लावायचा, रेडिओ धातूच्या पेटीत बंद करायचा, ठिकठिकाणचे पत्रे एकमेकांना जोडून अर्थिंग पक्के करायचे. आजचा कारागीर वेगळे ते काय करतो?

दुसरी अडचण विजेची होती. त्या काळच्या व्हॉल्व्हना शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक व्होल्ट लागत आणि मोटारीची बॅटरी अवघी ६ व्होल्टची. त्यामुळे पायाखालच्या फळ्यांत वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. छताचे अस्तर उसवून अँटेना पसरावी लागे. एका गाडीत रेडिओ बसवायला दोन माणसांचे दिवस मोडत. पुढे ‘व्हायब्रेटर’ आला. एक धातूची पट्टी थरथरत बॅटरीचा प्रवाह सतत तोडत-जोडत राही आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. सबवूफरचा आजचा अ‍ॅम्प्लिफायरही १२ व्होल्टचा प्रवाह असाच तोडून, वाढवून घेतो. थरथरत्या पट्टीची जागा फक्त ट्रान्झिस्टरने घेतली आहे.

या धडपडीच्या काळातील एक कथा अमेरिकेत अजून रंगवून सांगतात. कर्ज मिळावे म्हणून गॅल्विन यांनी एका बँकरच्या पॅकार्ड मोटारीत रेडिओ बसवून दिला. तासाभराच्या आत ती मोटार पेटली. कर्ज अर्थातच मिळाले नाही. कथेत तिखटमीठ किती, हे सांगणे कठीण. पण फ्यूज न लावता थेट बॅटरीवरून तार ओढणाऱ्यांनी ती ऐकून ठेवावी.

जून १९३०मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे संमेलन होते. दालन घेण्याची गॅल्विन यांची ऐपत नव्हती. रेडिओ बसवलेली आपली स्टुडबेकर घेऊन ते शिकागोहून सुमारे १३०० किलोमीटर गेले, संमेलनगृहाबाहेर ती उभी केली आणि आवाज मोठा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवले. मागण्या मिळाल्या, कंपनी तगली. ‘मोटर’ला त्या काळी ध्वनियंत्रांच्या नावांत सर्रास दिसणारा ‘ओला’ हा प्रत्यय जोडून ‘मोटोरोला’ हे नाव झाले. पहिल्या संचाची किंमत ११० ते १३० डॉलर होती. नवी मोटारच काही शे डॉलरला मिळण्याच्या त्या दिवसांत ही किंमत अंमळ जडच म्हणायची. १९३४मध्ये टायर विकणाऱ्या गुडरिच कंपनीच्या दुकानांतून रेडिओ विकण्याची आणि बसवून देण्याची व्यवस्था झाली, तेव्हा कुठे सामान्य गिऱ्हाइकाला योग्य हातांनी केलेले काम मिळू लागले.

पुढचा प्रवास अधिक परिचित आहे. पोलिसांच्या गाड्यांतील रेडिओ, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हातातला ‘हँडी-टॉकी’ आणि पाठीवरचा ‘वॉकी-टॉकी’ यांनी कंपनीची कीर्ती वाढवली. मात्र याच काळात, १९४२मध्ये, गॅल्विन यांच्या पत्नी लिलियन यांची राहत्या घरी हत्या झाली. गुन्हेगार कधीच सापडला नाही. १९४७मध्ये कंपनीने मोटोरोला हेच नाव अधिकृतपणे धारण केले. १९५५च्या सुमारास तिने मोटारींच्या रेडिओसाठी शक्तिशाली जर्मेनियम ट्रान्झिस्टर बाजारात आणला आणि व्हायब्रेटरची कुरकुर संपण्याचा मार्ग मोकळा झाला.

१९५६मध्ये अध्यक्षपद पुत्र रॉबर्ट यांच्याकडे सोपवून ५ नोव्हेंबर १९५९ रोजी पॉल गॅल्विन ल्युकेमियाने निवर्तले. वेव्हरिंग हे पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. १९६०च्या दशकात मोटोरोलाने मोटारींसाठी जुन्या जनरेटरच्या जागी बसणारे अल्टरनेटरही बनवले. आज सबवूफर बसवलेल्या गाडीत इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येते, ती बहुतांशी या अल्टरनेटरचीच असते.