कामगारांना मालक करणारे धर्मगुरू



भुकेल्याला अन्न देणे हे आपले कर्तव्य आहे. पण आज जेवलेला माणूस उद्या पुन्हा उपाशी राहणार असेल, तर त्याचे काय? स्पेनच्या बास्क प्रांतातील एका धर्मगुरूने ३५ वर्षे हाच प्रश्न हाती धरला. फादर होसे मारिया आरिझमेंदिअर्रिएता हे त्यांचे नाव. लोक त्यांना थोडक्यात आरिझमेंदी म्हणत. आम्हीही तसेच म्हणू.

२२ एप्रिल १९१५ रोजी एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी अपघातात डावा डोळा गेला. बाराव्या वर्षी ते सेमिनरीत दाखल झाले. १९३६ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा त्यांनी बास्क वर्तमानपत्रात काम केले. पुढे फ्रँकोच्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले. तेथून ते थोडक्यात बचावले. गुरुदीक्षेनंतर फेब्रुवारी १९४१ मध्ये मोंद्रागोन गावी सहायक धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली.

युद्धाने गाव मोडले होते. काम नव्हते, घरात दाणा नव्हता, क्षयाने माणसे मरत होती. आरिझमेंदींची प्रवचने ऐकायला गर्दी होत असे असे नाही; ती लोकांना जड जात. पण पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांविषयी काढलेले परिपत्रक त्यांनी मनापासून अभ्यासले होते. माणूस हे काही यंत्राचे सुटे भाग नव्हे, तो देवाची प्रतिमा आहे. मग कारखान्याच्या दारात शिरताच त्याचे हे मोल कमी कसे होईल?

त्यांनी सुरुवात केली ती शाळेपासून. गावातील मोठ्या कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत मोजक्याच मुलांना जागा मिळे. म्हणून त्यांनी गावाकडून वर्गणी गोळा केली आणि १९४३ मध्ये सुमारे २० मुलांची तंत्रशाळा काढली. त्यातली काही मुले नोकरी करता करता शिकून इंजिनियर झाली. त्यांच्यापैकी पाच जणांनी १९५६ साली ‘उल्गोर’ नावाचा छोटा कारखाना सुरू केला आणि रॉकेलचे स्टोव्ह बनवायला घेतले.

सहकार हा शब्द आपल्याला नवा नाही. मात्र आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचे सभासद म्हणजे ऊस पिकवणारे शेतकरी. येथे यंत्रावर उभा असलेला कामगारच सभासद झाला. प्रत्येकाने भांडवलात आपला वाटा घालायचा. एकरकमी जमत नसेल तर पगारातून हप्त्याने. वाटा कितीही असो, मत एकच. सर्वांत वरचा पगार सर्वांत खालच्या पगाराच्या तिपटीहून जास्त नसावा, असा नियम झाला (पुढे ही मर्यादा वाढवावी लागली). नफ्याचा काही भाग शिक्षणासाठी व गावासाठी, काही संस्थेच्या गंगाजळीत, आणि उरलेला सभासदांच्या भांडवली खात्यात जमा.

१९५९ मध्ये त्यांनी बँक काढायचे सुचवले, तेव्हा कारखान्यातल्या मुलांनाही ते पटेना. पण त्यांचा हिशेब साधा होता. गरिबाची बचत दुसऱ्याच्या धंद्याला जाते. ती त्याच्याच गावात रोजगार उभा करू शकते. ‘काहा लाबोराल’ ही बँक उभी राहिली आणि तिने नव्या सहकारी संस्थांना कर्जाबरोबर सल्लाही दिला. कामगार आता मालक, म्हणून सरकारी विमा योजना त्यांना लागू होईना. तेव्हा आजारपण व म्हातारपणासाठी त्यांनी स्वतःची व्यवस्था केली. १९६९ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र सहकारी संस्थाही निघाली.

एवढे सारे उभे राहिले, पण आरिझमेंदींनी कुठल्याही कारखान्यात पद घेतले नाही. ते सायकलवरून फिरणारे सहायक धर्मगुरूच राहिले. २९ नोव्हेंबर १९७६ रोजी ते प्रभूघरी गेले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित करण्यास मान्यता दिली.

हे काम निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. उल्गोरमधूनच वाढलेली ‘फागोर’ ही घरगुती उपकरणांची कंपनी २०१३ मध्ये बुडाली आणि सभासदांनी घातलेले भांडवल गेले. मालकीत नफा येतो तसा तोटाही येतो. परंतु बहुतेक सभासद रस्त्यावर आले नाहीत. भावंड संस्थांनी अनेकांना आपल्याकडे सामावून घेतले. आज मोंद्रागोनच्या सुमारे ८० सहकारी संस्थांत मिळून जवळपास ७०,००० लोक काम करतात.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कुणाचे दुकान आहे, कुणाचा छोटा कारखाना आहे, कुणी पतपेढीत पैसे ठेवतो. दान देताना आपला हात सैल असतो, हे आम्ही पाहतो. आता एक प्रश्न घरी जाऊन विचारू या: आपल्या धंद्यात जो घाम गाळतो, त्याला त्यात वाटा आहे का? आणि आपली बचत कुणाच्या चुलीला जळण पुरवते आहे?