डब्यावर नसलेलं नाव : लिझी मॅगी

रात्री लाईट गेली की हॉस्टेलवर दोनच गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे गॅलरीतल्या गप्पा आणि दुसरी म्हणजे कुणीतरी घरून आणलेला 'व्यापार'. खोट्या नोटा, घरं, हॉटेलं, जेल... मुंबई कुणी घ्यायची यावरून झालेली भांडणं तर सेमिस्टरभर पुरतात. हा खेळ 'मोनोपॉली'चा देशी भाऊ, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण मित्रांनो, मोनोपॉली कुणाच्या डोक्यातून निघाली? एका बाईच्या, आणि तिचं आडनाव होतं मॅगी! हसून घ्या, कारण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

एलिझाबेथ ऊर्फ लिझी मॅगीचा जन्म ९ मे १८६६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मॅकोंब गावी झाला. वडील जेम्स मॅगी वृत्तपत्र चालवायचे. गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक. त्यांनीच मुलीच्या हातात हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाचं पुस्तक दिलं. जॉर्जचं म्हणणं साधं होतं. माणूस कष्टाने जे निर्माण करतो ते त्याचं, पण जमीन कुणीच निर्माण केलेली नाही. मग कर लावायचाच तर जमिनीवर लावा. लिझीच्या डोक्यात हे पक्कं बसलं.

पुढे वॉशिंग्टनला ती स्टेनोग्राफरची नोकरी करू लागली. दिवसा ऑफिस आणि रात्री कविता, कथा, रंगमंचावर विनोदी भूमिका. १८९३ मध्ये तिने टाईपरायटरच्या रोलरमधून कागद सहज सरकावा यासाठी एक युक्ती काढून तिचं पेटंटही घेतलं. म्हणजे बाई आपल्याच बिरादरीतली!

जॉर्जचे विचार भाषणांतून लोकांच्या गळी उतरत नाहीत, हे तिने ओळखलं आणि एक खेळ तयार केला, 'द लँडलॉर्ड्स गेम'. चौकोनी पट, कडेने विकत घ्यायच्या जागा, भाडं, रेल्वे, कोपऱ्यात जेल. ५ जानेवारी १९०४ रोजी त्याचं पेटंट मिळालं. पुढे तिने खेळाला नियमांचे दोन संच दिले. एकात सगळ्यांना कंगाल करणारा जिंकतो, तर दुसऱ्यात संपत्ती वाढली की फायदा सगळ्यांना होतो. दोन्ही खेळा आणि फरक स्वतः अनुभवा, असा तिचा हेतू. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीने खेळ बाजारात आणला. त्या कंपनीत ती स्वतः भागीदार होती.

गंमत अशी, की खेळ पसरला तो दुकानांतून कमी आणि हाताने काढलेल्या नकलांतून जास्त. आर्डेन गावातल्या जॉर्जवाद्यांनी पट रंगवले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्कॉट निअरिंग या प्राध्यापकांनी तो विद्यार्थ्यांना शिकवला आणि तो कॉलेजाकॉलेजांत पोचला. अटलांटिक सिटीच्या क्वेकर मंडळींनी त्यात आपल्या गावचे रस्ते घातले. यातलं कुणीच वाईट नव्हतं. सगळ्यांचं खेळावर प्रेमच होतं. पण प्रत्येक नकलेबरोबर दोन गोष्टी गळत गेल्या. लिझीचं नाव गेलं आणि तो दुसरा नियमसंचही गेला. दुसऱ्याला बुडवण्याची मजा तेवढी शिल्लक राहिली.

१९३० च्या मंदीत चार्ल्स डॅरो या बेकार माणसाने मित्रांच्या घरी हा खेळ पाहिला, नियम लिहून घेतले आणि आपल्या नावाने विकायला सुरुवात केली. मार्व्हेन गार्डन्स या जागेचं स्पेलिंग मित्राच्या पटावर चुकून मार्व्हिन झालं होतं. डॅरोच्या पटावरही ते तसंच उतरलं! असाइनमेंट कॉपी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने डॅरोकडून खेळ घेतला आणि डॅरो रॉयल्टीवर लखपती झाला. लिझीने १९२४ मध्ये सुधारित खेळाचं पेटंट पुन्हा घेतलेलं होतं, म्हणून कंपनीने तेही विकत घेतलं. किंमत ५०० डॉलर, रॉयल्टी शून्य. आपला विचार आता घरोघर जाईल म्हणून बिचारी आधी खूषच झाली. मग सगळीकडे डॅरोच जनक म्हणून मिरवताना दिसला. जानेवारी १९३६ मध्ये तिने वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांसमोर आपले जुने पट ठेवले. बातमी आली, चार दिवसांत लोक विसरले. १९४० च्या जनगणनेत तिने व्यवसाय लिहिला खेळ बनवणारी, आणि त्यातली कमाई शून्य. २ मार्च १९४८ रोजी ती गेली.

१९७४ पासून राल्फ आन्स्पाक या प्राध्यापकाचा 'अँटी-मोनोपॉली' या त्याच्या खेळावरून कोर्टात वाद चालला होता. पुरावे शोधता शोधता त्याला लिझीची पेटंटं सापडली आणि खरी गोष्ट उजेडात आली.

आता तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? आज एखादा दोन-तीन जणांचा ग्रुप नोकरी सांभाळून वर्ष-दोन वर्षं खपतो आणि एक छोटा गेम काढतो. आपल्या विंगमध्ये तो क्रॅक होऊन पेनड्राईव्हवरून रात्रीत वीस लॅपटॉपवर जातो. एखादा बग दिसला की बनवणाऱ्याच्या आईबहिणीचा उद्धार होतो. गेम बनवला कुणी, हे विसातल्या एकालाही सांगता येत नाही. आपणही वाईट नाही, आपलंही गेमवर प्रेमच आहे. आर्डेनच्या लोकांचं होतं, अगदी तसंच.

वडापाव-चहाच्या पैशांत येणारे गेमही असतात. ते घ्यावेत. बग दिसला तर कुठे आणि कसा आला ते नीट लिहून कळवावं, जसं आपण लॅबमध्ये सरांना रीडिंग देतो. आवडला तर चार जणांना नावासकट सांगावं. नाही आवडला तर गेमला नावं ठेवा, माणसाला नको.

आमच्या विंगमधल्या 'व्यापार'च्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूला आता स्केचपेनने एक नाव लिहिलंय. नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, ही मॅगी कोण? मग डाव थोडा उशिरा सुरू होतो.