लिंडबर्गची उघडी खिडकी: समोर काच नसलेल्या विमानाची गोष्ट

गेल्या महिन्यात मी एक प्रयोग केला आणि तो चांगलाच फसला. माझ्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डसाठी ॲक्रिलिकची पेटी बनवली होती. आत फार गरम व्हायचं, म्हणून हवेसाठी भोक पाडायला ड्रिल घेतलं. कडकन आवाज आला आणि भोकापासून थेट कडेपर्यंत तडा गेला.

चूक शोधताना कळलं की लहान विमानांच्या काचा बहुतेक वेळा याच प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांनाही हवेसाठी भोकं पाडतात. पण तिथे खाली लाकडी फळी ठेवतात, ड्रिल हळू चालवतात, भोक गोल ठेवतात आणि त्याची कड घासून गुळगुळीत करतात. कारण टोकदार कोपऱ्यात किंवा खरबरीत कडेवर ताण एकवटतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. मी यातलं एकही केलं नव्हतं.

हे वाचता वाचता मी पोहोचलो चार्ल्स लिंडबर्गपर्यंत. त्याच्या विमानाला समोर काचच नव्हती!

टपाल नेणारा पोरगा

लिंडबर्गचा जन्म 4 फेब्रुवारी 1902 चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा. बालपण मिनेसोटात गेलं. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडून तो विमान शिकायला गेला. 1923 मध्ये सैन्याने काढून टाकलेलं एक जुनं विमान विकत घेतलं आणि गावोगाव लोकांना पैसे घेऊन फिरवू लागला. 1926 पासून तो सेंट लुईस ते शिकागो हवाई टपाल नेऊ लागला. काम धोक्याचं होतं. तोवर एकूण चार वेळा त्याला पॅराशूट घालून विमानातून उडी मारावी लागली.

तेव्हा न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्यासाठी 25,000 डॉलरचं ऑर्टिग बक्षीस जाहीर झालेलं होतं. मोठी नावं, मोठी विमानं प्रयत्नात होती. 1926 मध्ये एक विमान उड्डाण घेतानाच कोसळलं आणि दोघे गेले. मे 1927 मध्ये नंगेसर आणि कोली हे दोन फ्रेंच वैमानिक पॅरिसहून निघाले, ते परत दिसलेच नाहीत.

समोर काच का नव्हती?

लिंडबर्गने एक इंजिन आणि एकच माणूस असं साधं गणित मांडलं. सॅन डिएगोच्या रायन कंपनीत डोनाल्ड हॉल या इंजिनिअरसोबत बसून साधारण दोन महिन्यांत ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ तयार करून घेतलं. त्यात जवळपास 1,700 लिटर पेट्रोल मावत होतं. मोठी टाकी त्याने आपल्या पुढे बसवायला लावली. टाकी मागे असती, तर अपघातात इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये तो चिरडला असता. पण टाकी पुढे आल्यामुळे समोरचं दिसणं बंद! त्यावर उपाय म्हणजे एक छोटा पेरिस्कोप आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या.

या खिडक्यांना काढता-घालता येणाऱ्या काचा होत्या. काच लावली की हवा विमानाच्या अंगावरून सरळ सरकते, अडथळा कमी होतो, पेट्रोल वाचतं. वजन वाचवायला नकाशाच्या कडासुद्धा कापणाऱ्या माणसाने या काचा लावायलाच हव्या होत्या, नाही का?

33 तास, झोप नाही

20 मे 1927 ला सकाळी तो निघाला, तोच आदल्या रात्री न झोपता. काही तासांतच डोळे मिटू लागले. खाली अटलांटिक समुद्र, विमानात दुसरं कुणी नाही. डुलकी लागली असती तर सगळं संपलं असतं. काचा लावायचा विचार त्याच्या मनात आला, पण त्याने लावल्या नाहीत. बंद केबिनमध्ये झोप आणखी येईल, गार वारा हवाच, असं त्याने ठरवलं.

आता यातलं विज्ञान बघा. वेगात जाणाऱ्या विमानाच्या बाजूने हवा समांतर धावते. त्यामुळे नुसती खिडकी उघडी असली तरी वाऱ्याचा झोत तोंडावर येईलच असं नाही, उलट आतली हवाच बाहेर ओढली जाऊ शकते. हवा आत वळवायला काहीतरी आडवं धरावं लागतं. लिंडबर्गने हाताचा तळवाच बाहेर काढून झोत तोंडावर घेतला. आज लहान विमानांच्या खिडकीत फिरवता येणारी वाटीसारखी झडप असते, ती हेच काम करते.

33 तास 30 मिनिटांनी, 21 मे च्या रात्री तो पॅरिसला उतरला. वय फक्त 25.

पुढचं आयुष्य

एका रात्रीत तो जगप्रसिद्ध झाला, पण प्रसिद्धी महागात पडली. 1932 मध्ये त्याच्या तान्ह्या मुलाचं अपहरण करून खून झाला. 1935 मध्ये डॉ. अलेक्सिस कॅरेल यांच्यासोबत त्याने शरीराबाहेर अवयव जिवंत ठेवणारा पंप बनवला. मात्र 1938 मध्ये त्याने नाझी जर्मनीचं पदक स्वीकारलं आणि 1941 मध्ये ज्यूंविरोधी भाषण केलं. त्यावर तेव्हाही कडाडून टीका झाली, आणि ती योग्यच होती. 26 ऑगस्ट 1974 ला हवाई बेटांवर तो वारला. विमान मात्र वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

मला त्याच्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. कागदावर बंद खिडकी बरोबर होती, पण यंत्र चालवणारा माणूस जागा राहणं जास्त महत्त्वाचं होतं. माझी नवी पेटी तयार आहे. या वेळी भोक हळू पाडलं, कड घासली आणि वर वाकडी पट्टीही लावली, म्हणजे पंख्याची हवा बोर्डवरच जाते. तडा नाही, बोर्ड थंड!