खोट्या वचनचिठ्ठ्या, खरी पत

वाणिज्य शाखेत आल्यापासून मी जमा-नावे शिकतो आहे. वचनचिठ्ठी कशी लिहावी, तिची मुदत कशी मोजावी, हे आता पाठ झाले आहे. पण पत म्हणजे काय, हे मला उमगले ते हॉलंडच्या एका बँकरचे चरित्र वाचताना.

वॉलरावेन व्हान हॉल याचा जन्म १९०६ साली ॲमस्टरडॅममध्ये झाला. त्याला खरी ओढ समुद्राची. तो व्यापारी जहाजावर नोकरीला लागलाही; पण डोळे अधू ठरले आणि ती वाट बंद झाली. मग तो न्यूयॉर्कमध्ये पेढीचे काम शिकला व मायदेशी परतून बँकर झाला.

मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी अवघ्या पाच दिवसांत हॉलंड घेतले. राणी व सरकार लंडनला गेले. परदेशी अडकलेल्या खलाशांचे संसार उघड्यावर पडले. व्हान हॉलने आधी त्यांच्यासाठी पैसा उभा केला. पुढे लपलेले ज्यू, भूमिगत कार्यकर्ते आणि सप्टेंबर १९४४ मध्ये संपावर गेलेले सुमारे ३० हजार रेल्वे कामगार यांच्या चुली त्याच्या गुप्त निधीवर पेटत राहिल्या.

तो धनिकांकडून कर्ज घेई. लंडनच्या सरकारची हमी होती. पण रीतसर पावती सापडली तर दोघांचाही जीव जायचा. म्हणून पावतीऐवजी कवडीमोल झालेले जुने शेअर दिले जात.

कर्जही पुरेना, तेव्हा त्याने व त्याच्या थोरल्या भावाने सरकारी वचनचिठ्ठ्यांच्या हुबेहूब नकला करवून घेतल्या. मध्यवर्ती बँकेतल्या विश्वासू माणसांनी नकला तिजोरीत ठेवून अस्सल बाहेर काढल्या. त्यांतून सुमारे ५ कोटी गिल्डर उभे राहिले. बँकेचा अध्यक्ष नाझींच्या बाजूचा. त्याला सुगावाही लागला नाही.

इथे मी अडखळलो. बनावट दस्तऐवज हा आमच्या पुस्तकात गुन्हाच. पण ज्या सत्तेने देशच बळकावला, तिच्या तिजोरीशी इमान राखायचे की लपलेल्या माणसांशी? व्हान हॉलने आपले उत्तर जिवावर उदार होऊन दिले.

२७ जानेवारी १९४५ रोजी तो पकडला गेला. १२ फेब्रुवारीला हार्लेम येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. दोनच दिवसांपूर्वी त्याला ३९ वर्षे पूर्ण झाली होती. मागे पत्नी आणि तीन मुले राहिली. मेमध्ये देश स्वतंत्र झाला.

युद्धानंतर निधीचा हिशेब झाला, धनकोंचे पैसे परत मिळाले. देणारा शब्द देऊन गेला आणि त्याच्या माघारी तो शब्द वटला. उद्या कुठल्याशा कचेरीत मी रोकडवही उघडीन, तेव्हा पत शब्दाचा हा अर्थ मला आठवावा, एवढीच इच्छा आहे.